पाचवा रोही

द्वारकाबाईंनी कोणाला माफ केल्याचं मला आठवत नाही. आदिलाबादच्या एका मराठी शाळेत आम्ही सव्वीस वर्षं बरोबर शिकवलं. त्या गणित, मी इतिहास. इतिहासात निदान अधूनमधून तह होतात. बाईंकडे ती सोय नव्हती. सातवीत केलेल्या चुकीची त्या मुलाला दहावीत फळ्याशी उभं करून आठवण करून देत, आणि हा नियम त्यांनी मुलांपुरता ठेवला नव्हता.

"माफ करणं हेडमास्तरचं काम हाये, सर," त्या मला म्हणायच्या. "मले चुका काढाचा पगार भेटते."

बुटक्या, सडसडीत, अंबाड्यात लाल पेन खोचलेलं. ते पेन हळदीकुंकवाला जातानाही तिथंच असे. दुसरी सवय म्हणजे कशाचीही शक्यता आकड्यात सांगणं. साडेनवाची बस वेळेवर येणं, सातात एक. तपासणीच्या दिवशी शिपाई हजर असणं, तिनात एक. एकदा एका लग्नात नवऱ्या मुलाकडे बघून त्या माझ्या बायकोच्या कानात "दोनात एक" म्हणाल्या. कशाबद्दल ते बायकोनं विचारलं नाही आणि बाईंनी सांगितलं नाही. पुढं दोन वर्षांनी ती नवरी मुलगी माहेरी परत आली, तेव्हा बायकोला उलगडलं.

सूड घेण्याची त्यांची पद्धत सांगायची तर बाजारातल्या एका भाजीवाल्याची गोष्ट सांगावी लागेल. त्यानं एकदा वांगी कमी तोलून दिली. बाईंनी आवाज चढवला नाही. दुसऱ्या दिवशी त्या त्याच्याच दुकानासमोर उभ्या राहिल्या, भाव विचारला, अर्धा किलो वांगी तोलायला लावली, काटा नीट बघितला, वांगी खाली ठेवली आणि शेजारच्याकडून घेतली. असं आठवड्यातून तीनदा, अकरा वर्षं. तो बिचारा कधीतरी कळवळून म्हणे, "अम्मा, लेते नै तो काइकू पूछते?"

"कल का काटा आज कैसा है, देखने कू," बाई म्हणत.

अकरा वर्षांनी त्याचा मुलगा दुकानात बसायला लागला. त्या दिवशी बाईंनी अर्धा किलो वांगी विकत घेतली. बापाची शिक्षा मुलाला द्यायची नाही, एवढी त्यांची न्यायबुद्धी शाबूत होती.

त्यांचे यजमान अण्णा तहसीलमध्ये पेशकार होते. स्वभावानं अगदी उलट. कोणी पाय तुडवला तर हेच माफी मागणारे. गावात त्यांची ख्याती एकाच गोष्टीसाठी होती. पत्ते पिसावेत अण्णांनी. दोन हातांमधून पत्ते असे खळखळत जात, की खेळणारे खेळ थांबवून बघत बसत. कचेरीतले शिपाईसुद्धा जेवणाच्या सुट्टीत नुसतं ते बघायला येत.

निवृत्तीला दोन वर्षं असताना अण्णांना अर्धांगवायू झाला. उजवी बाजू गेली, बोलणं जड झालं. सुरुवातीला लोक भेटायला आले, पत्ते घेऊन आले. पण एका हातानं तेरा पानं धरणार कशी? मग लोक त्यांना मुद्दाम जिंकू द्यायला लागले. ते अण्णांना कळत होतं. एक दिवस त्यांनी पानं जमिनीवर टाकली आणि भिंतीकडे तोंड केलं.

बाईंनी त्याच आठवड्यात नवा खेळ तयार केला. आमच्याकडच्या लग्नपत्रिका जाड असतात, वधूपेक्षा वजनदार. बाईंनी पन्नासेक पत्रिका कापून साठ पत्ते केले आणि त्यांवर स्वतः चित्रं काढली. कापूस, ज्वारी, तूर, मूग आणि तीळ, प्रत्येकी अकरा. उरलेले पाच पत्ते रोहीचे. नीलगाईला आमच्याकडे रोही म्हणतात. तो कळपानं शेतात शिरला की मागं धसकटं उरतात. बाईंनी काढलेला रोही थोडा गाढवासारखा आणि बराचसा आमच्या जुन्या हेडमास्तरांसारखा दिसे.

खेळ साधा होता. गठ्ठा मध्ये पालथा ठेवायचा. ज्याची पाळी, त्यानं एकेक पत्ता उचलून आपल्यासमोर उघडा मांडायचा. हवे तितके उचलावेत. पुरे वाटलं की "बांधलं" म्हणायचं. समोरचं सगळं पीक कोठीत गेलं, आता त्याला धक्का नाही, पाळी पुढच्याची. पण "बांधलं" म्हणण्याआधी रोही निघाला, तर समोरचं सगळं साफ. प्रत्येक पत्त्याचा एक गुण. पाचही पिकं जमली तर ते पूर्ण शेत, त्याचे दहा. त्यामुळे चार पिकं समोर असली की हात थांबत नाही. बाहेर पडलेला रोही परत गठ्ठ्यात जात नाही, म्हणून दर पत्त्याला धोका बदलतो. आरंभी बारात एक. तीस पत्ते गेले आणि एकही रोही निघाला नाही, की सहात एक.

पत्ते हातात धरायचे नाहीत, समोर मांडायचे. म्हणजे अण्णांना अडचण नाही. आणि पत्ता सर्वांनी डाव्या हातानंच उचलायचा. अण्णांचा तेवढाच हात चालत होता, आणि तो एकट्याचाच डावा दिसू नये. मी एकदा चुकून उजवा हात पुढं केला, तर बाईंनी त्यावर फूटपट्टी मारली. मी तेव्हा बावन्न वर्षांचा होतो.

अण्णा खेळायला लागले. "बांधलं" हा शब्द डॉक्टरांच्या सगळ्या व्यायामांपेक्षा लवकर सुधारला. पाचवा रोही निघाला की बाई ट्रेमध्ये कप आणि सगळे पत्ते गोळा करून आत जात आणि दहा मिनिटांनी चहा घेऊन येत. ट्रेमध्ये गठ्ठा असे. "चला, नवा डाव," त्या म्हणत. गुण पुढच्या डावात चालू राहत, ज्याचे शंभर आधी भरतील तो जिंकला. असं पाच वर्षं चाललं.

या पाच वर्षांत रोज संध्याकाळी पाचला येणारा एक माणूस होता. तो म्हणजे दिगंबरराव.

दिगंबरराव शिक्षण खात्यातून कसलेसे अधिकारी म्हणून निवृत्त झाले होते. त्याआधी चार वर्षं ते आमचे हेडमास्तर होते, आणि बाईंच्या रोहीचा चेहरा कोणाचा हे आता वेगळं सांगायला नको. गावातल्या मराठी मंडळाचे ते तहहयात अध्यक्ष. 'तहहयात' हा शब्द मंडळाच्या घटनेत नव्हता, त्यांच्या चालण्यात होता. भाषणाची सुरुवात "मी तर निमित्तमात्र" अशी करत आणि पुढचा पाऊण तास ते निमित्त पुरवत. सत्काराच्या शाली त्यांच्या घरी इतक्या होत्या, की त्यांची बायको त्यांच्यातून उशांचे अभ्रे शिवायची.

पण ते रोज येत, हे खरं. बाकीचे लोक पांगले तरी ते आले. बाईंनीही हे कधी नाकारलं नाही. ते अण्णांशी मनापासून खेळत आणि मनापासून हरत.

"त्याचं एक बरं हाये," बाई म्हणत. "तो मुद्दाम हरत नाई. तेवढी अक्कल नाई त्याले."

दिगंबरराव मोजत नसत. समोर चार पिकं आली की त्यांना पाचवं दिसायला लागे. बाई त्यांना इशारा देत, "दिगंबरराव, आता पाचात एक. बांधा." आणि दिगंबरराव छाती पुढं काढून म्हणत, "द्वारकाताई, आयुष्यात धाडस लागतं." मग रोही निघे. अण्णा डाव्या हातानं मांडीवर थाप मारत.

अण्णा गेले. बाईंनी पत्ते रुमालात बांधून कपाटात ठेवले.

दीड वर्षांनी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर निमंत्रण आलं. एका पुस्तिकेचं प्रकाशन होतं. नाव, 'रोही : एक बौद्धिक कृषिक्रीडा'. संकल्पना आणि नियमरचना, दिगंबरराव. सोबत छापील पत्त्यांचा संच. मी बाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, "वाचलं. मले सोबत न्या."

समारंभाला त्या पहिल्या रांगेत बसल्या. दिगंबररावांनी सांगितलं, की एका पहाटे शेताच्या बांधावर उभं असताना हा खेळ त्यांना सुचला. दिगंबररावांकडे शेत नव्हतं. पहाट त्यांनी कधी बघितली असेल असंही मला वाटत नाही.

बाईंनी पुस्तिका उघडली, अंबाड्यातलं पेन काढलं आणि तिथंच तपासायला घेतली. मी शेजारून वाचत होतो. नियम तिसरा, पत्ते उघडे मांडावेत, कारण पारदर्शकता हा लोकशाहीचा पाया आहे. नियम पाचवा, पत्ता डाव्या हातानंच उचलावा, कारण त्यामुळे मेंदूच्या उजव्या भागाला चालना मिळते. या नियमावर सभागृहातल्या दोन वयस्क बायकांनी कुरकुर केली, डाव्या हातानं पीक घरात आणायचं म्हणजे काय. दिगंबररावांनी त्यांना विज्ञान समजावलं.

परतताना रिक्षात बाईंनी पुस्तिका पुन्हा पहिल्यापासून वाचली. मग म्हणाल्या, "सर, यानं आमच्या ह्यांचा डावा हात चोरला."

मी म्हणालो, "बाई, सरळ जाऊन बोला त्यांच्याशी. किंवा मी बोलतो."

"बोलून काय होते? तो मले भगिनीतुल्य म्हणीन आन एक शाल देईन." थोड्या वेळानं त्या म्हणाल्या, "खेळ कोणासाठी केला, कोणी केला, ते याच्या सभेत, याच्या माइकवरून लोकायले समजलं पायजे. याच्यासमोर. मंग मी मरायले मोकळी."

घर आलं तेव्हा त्यांनी पुस्तिकेचं एक पान माझ्यासमोर धरलं. नियम नववा. 'पाचवा रोही निघाल्यावर खेळाडूंनी दहा मिनिटे चहापान करावे व त्यानंतर उरलेला डाव तेथूनच पुढे खेळावा. डाव अर्धवट टाकणे शिस्तीस धरून नाही.'

"याले पाचवा रोही समजलाच नाई," बाई म्हणाल्या. कित्येक महिन्यांनी मी त्यांना हसताना बघितलं. ते हसू मला आवडलं नाही.

"मला तरी कुठं समजलाय?" मी म्हणालो.

"तुमाले काऊन समजन? तुमी चहा पिऊन राह्यले होते."

मंडळानं त्या वर्षीपासून वार्षिक स्पर्धा ठेवली. अंतिम फेरीत चार जण. त्यात अध्यक्ष म्हणून दिगंबरराव कायमचे. शंभर गुणांपर्यंत खेळायला वेळ नाही, म्हणून साठ पत्ते एकदा संपेपर्यंतच डाव. पंच मी होतो, कारण पुस्तिका शेवटपर्यंत वाचलेला दुसरा माणूस सापडला नाही.

बाई पहिल्याच वर्षी अंतिम फेरीत पोचल्या. पोचणारच, गावात मोजणाऱ्या त्या एकट्या होत्या. पण त्या दिवशी पत्तेच विचित्र पडले. पाचवा रोही गठ्ठ्यात शेवटून दुसरा होता. बाई वाट बघत राहिल्या, सांभाळून चार-चार पत्ते बांधत राहिल्या, आणि दिगंबरराव धाडस करत करत जिंकले. त्यांनी स्वतःच्याच स्पर्धेचा करंडक स्वतःच्याच हातानं घेतला आणि बाईंकडे वळून म्हणाले, "द्वारकाताई, तुमचं गणित चांगलं आहे. पण खेळाला अंतर्दृष्टी लागते."

बाईंनी मान डोलावली. बाहेर आल्यावर मी सांत्वनाचं काहीतरी बोलायला लागलो, तर त्या म्हणाल्या, "मी मोजलं बरोबर. पत्त्यायनं ऐकलं नाई. पुढल्या साली पाहू." मग पायरी उतरता उतरता त्या पुटपुटल्या, "अंतर्दृष्टी." जणू एखाद्या मुलानं उत्तरपत्रिकेत लिहिलेला शब्द वाचून दाखवावा.

वर्षभर त्यांनी काय केलं ते मला माहीत आहे, कारण त्यांनी मला रोज संध्याकाळी बसवलं. अण्णांच्या जागी मी. त्यांना खेळाचा सराव नको होता. मी दिगंबररावांसारखं खेळायचं, एवढंच काम. मला ते सहज जमलं, याचं थोडं वाईट वाटलं.

दुसऱ्या वर्षी अंतिम फेरीत दिगंबरराव, बाई, बँकेतल्या एक मॅडम आणि एक औषधविक्रेते. जागा चिठ्ठीनं ठरल्या. बाईंची पाळी दिगंबररावांनंतर लगेच. चिठ्ठी उघडून त्यांनी ती घडी करून कमरेला खोचली.

त्या दिवशी पहिल्या वीस पत्त्यांतच चार रोही निघाले. मॅडमचं पीक दोनदा गेलं, औषधवाल्याचं एकदा, बाईंचं एकदा. गठ्ठ्यात चाळीस पत्ते उरले, त्यात रोही एक. पाळी दिगंबररावांची.

ते उचलत गेले. मूग, कापूस, तूर, ज्वारी, कापूस. लोक टाळ्या वाजवायला लागले. चौदा पत्ते झाले तेव्हा त्यांच्यासमोर दोन पूर्ण शेतं होती आणि तिसऱ्याची चार पिकं. तीळ तेवढा हवा होता.

बाई त्यांच्याकडे न बघता म्हणाल्या, "दिगंबरराव, आता सव्विसात एक. समोर चोवीस गुण हायेत, तीळ आला तर सहा वाढतीन. बांधून टाका."

सल्ला खरा होता की खोटा, हे मी त्यांना नंतर विचारलं. "खराच होता," त्या म्हणाल्या. "खरं सांगितलं की तो उलटं करते. पाच वर्सं पाह्यलं मी."

दिगंबररावांनी सभागृहाकडे बघितलं. "ताई मला थांबायला सांगतायत," ते म्हणाले. लोक हसले. त्यांनी उचललं. ज्वारी. पुन्हा उचललं. कापूस. ज्वारी. चौथा पत्ता त्यांनी मुद्दाम सावकाश उलटला, वर धरून सगळ्यांना दाखवला, आणि तो रोही होता.

नियम नवव्याप्रमाणे चहापान झालं. बाईंनी चहा घेतला नाही. त्या हात मांडीवर ठेवून गठ्ठ्यात उरलेल्या बावीस पत्त्यांकडे बघत बसल्या होत्या. एव्हाना माझ्याही डोक्यात प्रकाश पडला होता, पण मी पंच होतो.

चहानंतर बाईंनी डावा हात पुढं केला. एक पत्ता. दोन. पाच. आठ. औषधवाले म्हणाले, "बाई, बांधा आता." दहा झाले. बँकेच्या मॅडमनी तोंडाला पदर लावला. बारा झाल्यावर दिगंबरराव खुर्चीत पुढं सरकून वडिलकीनं म्हणाले, "द्वारकाताई, लोभ वाईट." बाई प्रत्येक पत्ता सारख्याच वेगानं उचलत होत्या, वह्यांचा गठ्ठा तपासावा तशा. सोळा. एकोणीस. सभागृहात कोणीतरी मोजायला लागलं. बाविसावा पत्ता तीळ होता. त्यांनी तो मांडला, बाकीचे नीट ओळीत लावले आणि म्हणाल्या, "बांधलं."

मंचावरचे प्रमुख पाहुणे एक स्थानिक पुढारी होते. त्यांनी हा खेळ आयुष्यात पहिल्यांदा बघितला होता, आणि म्हणूनच कोणाला न सुचलेला प्रश्न त्यांना सुचला. "अध्यक्षसाहेब, पाचही रोही निघून गेल्यावर भ्यायचं कायले? मंग तं ज्याची पाळी त्यानं सगळंच घेऊन टाकाव. हा असा नियम कसा काय केला तुमी?"

दिगंबररावांनी माझ्याकडे बघितलं. मी नियम नववा मोठ्यानं वाचला. चहापानापाशी लोक हसले. दिगंबरराव म्हणाले, "बौद्धिक थकवा घालवण्यासाठी..."

"पण थकवा पाचव्या रोहीलाच काऊन येते?" पाहुण्यांनी विचारलं. ते खरोखर जाणून घ्यायला विचारत होते.

दिगंबरराव पुस्तिकेत नियम नववा शोधायला लागले.  बाई उठल्या आणि माइकपाशी गेल्या. तो त्यांच्या उंचीला खाली करावा लागला.

"चहा मी करत होती," त्या म्हणाल्या. "माझ्या घरी. हा खेळ मी आमच्या ह्यांच्यासाठी केला. त्यांची उजवी बाजू गेली होती. म्हणून पत्ते उघडे मांडायचे, म्हणून डावा हात. लोकशाहीचा आन मेंदूचा काई संबंध नाई." कोणी हसलं नाही. "पाचवा रोही निघाला की धोकाच राहत नाई, म्हणून सगळे पत्ते एकत्र करून पिसा लागतात. तो नियम हाये. पण ह्यांच्यासारखे पत्ते पिसणारं या गावात कोणी नव्हतं, आन त्यांच्यासमोर दुसऱ्यानं पिसलेलं त्यांना पाहवत नसे. म्हणून मी आत नेऊन पिसत होती. बाहेर येताना हातात चहा असला की कोणी काई इचारत नाई. दिगंबरराव पाच वर्सं रोज यायचे. त्यायनं चहाच पाह्यला."

एवढंच बोलून त्या जागेवर येऊन बसल्या. टाळ्या वाजल्या नाहीत. पाहुण्यांनी करंडक माइकवर न बोलावता खाली येऊन त्यांच्या हातात दिला.

मला वाटलं, संपलं. बाईंना हवं होतं ते, हवं तिथं झालं होतं. मी तसं म्हणालोही.

"तो काय बोलते ते पाहू," बाई म्हणाल्या.

दिगंबरराव तीन महिन्यांनी बोलले. पुस्तिकेची दुसरी, सुधारित आवृत्ती निघाली. नियम नववा बदलला होता. पाचव्या रोहीनंतर पत्ते पिसावेत. संकल्पना आणि नियमरचना, दिगंबरराव. पहिल्या पानावर अर्पणपत्रिका : 'भगिनीतुल्य द्वारकाताईंस, ज्यांच्या चहाने या चिंतनाला ऊब दिली.' सोबत घडी केलेली शाल.

बाईंनी ती प्रत तपासली. सतरा चुकांना लाल गोल केले, शेवटच्या पानावर 'उत्तर शेजारच्याचे पाहून लिहिले आहे' असा शेरा मारला, शून्य दिलं आणि माझ्या हाती परत पाठवली. मी ती दिगंबररावांना दिली. त्यांनी शेवटचं पान बघितलं, चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "बाई अजून दुःखात आहेत." शाल बाईंनी त्याच भाजीवाल्याच्या मुलाला दिली, थंडीत त्याच्या खांद्यावर ती बरी दिसे.

त्यानंतर बाई शनिवारी घरी सापडेनाशा झाल्या. सकाळच्या बसनं त्या आदिलाबादजवळच्या तामसी भागात जात. तिकडच्या गावांतल्या शाळांमध्ये त्यांचे जुने विद्यार्थी शिक्षक होते. ते त्यांना एक तास देत. बाई मुलांकडून लग्नपत्रिका मागवत, कापायला शिकवत, चित्रं काढून घेत आणि खेळ शिकवत. शक्यतेचं गणित मुलांना असं कोणी शिकवलं नव्हतं. शिक्षक खूश होते. बाईंनी खेळात फक्त एक नवा नियम घातला होता आणि तो पहिला होता.

तो मी ऐकला एका शाळेच्या बक्षीस समारंभात. मला पाहुणा म्हणून बोलावलं होतं, आणि प्रमुख पाहुणे दिगंबरराव होते. कार्यक्रमात 'बौद्धिक खेळाचं प्रात्यक्षिक' असं लिहिलं होतं. ते वाचून त्यांनी स्वतःच्या पुस्तिकेच्या वीस प्रती वाटायला आणल्या होत्या. चार मुली मंचावर सतरंजीवर बसल्या. मध्ये गठ्ठा ठेवला. पत्ते पिसणाऱ्या मुलीनं हात जोडले, बाकीच्यांनी जोडले, आणि मैदानात बसलेल्या दीडशे मुलांनीही हात जोडले. मग सगळ्यांनी प्रार्थनेच्या चालीत म्हटलं :

"खेळ द्वारकाबाईंचा, अण्णांसाठी केला. चोरला दिगंबररावांनी."

त्यांच्या आवाजात राग नव्हता, खोडी नव्हती. पाढे म्हणावेत तसं त्यांनी ते म्हटलं. त्यांतल्या कोणालाही दिगंबरराव कसे दिसतात हे माहीत नव्हतं. ते या मुलांच्या दृष्टीनं कंसासारखे गोष्टीतले कोणीतरी होते. त्या शाळेचे नवे हेडमास्तर तेलुगू भाषक होते, त्यांना एवढं मराठी कळत नव्हतं. मुलं एका सुरात काहीतरी छान म्हणाली म्हणून ते टाळ्या वाजवायला लागले. सगळे वाजवायला लागले. दिगंबररावांनीही दोनदा हात हातावर आपटले, मग त्यांचे हात तिथंच राहिले. त्यांचं भाषण त्या दिवशी दोन मिनिटांत संपलं. "मी तर निमित्तमात्र" त्यांनी म्हटलं नाही. पुस्तिकांचा गठ्ठा गाडीतून खाली उतरलाच नाही.

गाडीत बसण्याआधी ते माझ्यापाशी आले. खचलेले दिसत होते. "तुम्ही त्यांना सांगा," ते म्हणाले. "मी पुढच्या आवृत्तीत नाव घालतो. त्यांचंच. माझं काढतो. पण हे मुलांच्या तोंडून... माझी नात याच जिल्ह्यात शाळेत जाते हो."

बाई मैदानाच्या मागच्या बाजूला कडुनिंबाखाली बसल्या होत्या. सगळं त्यांनी बघितलं होतं. आम्ही दोघं चालत फाट्यावर आलो. मी त्यांना दिगंबररावांचा निरोप सांगितला. मला त्या म्हाताऱ्याची खरोखर दया आली होती, आणि मी तसं म्हणालो. म्हणालो, "बाई, तो नाव द्यायला तयार आहे. आता नियम पहिला काढून टाका. जीव थंड झाला ना?"

"नाव तो पुस्तकात घालीन," बाई म्हणाल्या. "पुस्तक कोण वाचते? तुमीच म्हणत होते, तुमच्याशिवाय कोणी वाचलं नाई." त्यांनी पदरानं तोंड पुसलं. "आन जीव काऊन थंड होईन? तामसीतली नऊच गावं झाली, सर. मुधोळकडं तं मी अजून गेलीच नाई."

मुधोळकडची बस आली; मी आदिलाबादच्या बससाठी थांबलो. त्यांना खिडकीची जागा मिळाली. शेजारी मांडीवर पिशवी घेतलेली एक अनोळखी बाई होती. मी हात केला, पण द्वारकाबाईंचं माझ्याकडे लक्ष नव्हतं. त्यांनी पिशवीतून पत्ते काढले होते आणि त्या शेजारणीला काहीतरी समजावत होत्या. पुढच्याच आठवड्यात मी मुलीकडे हैदराबादला राहायला आलो आणि बाई मला पुन्हा दिसल्या नाहीत. त्या गेल्याचा फोन आला तो इथंच.

त्या दिवशी बस सुटली तेव्हा इंजिनाच्या आवाजात मला शब्द ऐकू आले नाहीत. पण पहिला पत्ता उचलण्याआधी द्वारकाबाई थांबल्या होत्या, आणि ती शेजारीण हात जोडून त्यांच्या मागून एक वाक्य हळूहळू म्हणत होती.